सायप्रसची सोमसूत्री प्रदक्षिणा

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

शंकराच्या देवळात प्रदक्षिणा पुरी घालायची नाही, हे आपल्याला लहानपणी आजी शिकवते. पिंडीवरचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडतं तिथपर्यंत जायचं, ती ओलांडायची नाही, आल्या पावली मागं फिरायचं आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा त्याच पन्हळीपर्यंत यायचं. हीच सोमसूत्री प्रदक्षिणा. भूमध्य समुद्रातल्या एका बेटालाही मला अशीच प्रदक्षिणा घालावी लागेल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

बेट सायप्रस. सिसिली आणि सार्डिनियानंतरचं भूमध्य समुद्रातलं तिसरं मोठं बेट. क्षेत्रफळ ९,२५१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षाही थोडं लहान. २०१९ च्या फेब्रुवारीत आम्ही दोघं तिथं गेलो तेव्हा माझ्या मनातला बेत साधा होता. लार्नाकाच्या विमानतळावर भाड्यानं गाडी घ्यायची, बेट उजव्या हाताला आणि समुद्र डाव्या हाताला ठेवायचा आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरून पुन्हा लार्नाकाला यायचं. प्रदक्षिणेचा नियमही पाळला जातो आणि खिडकीतून समुद्रही दिसत राहतो.

गाडी मी चालवणार होते. आमचे हे नकाशा धरणार होते. आपल्याला तिथं एक मोठी सोय आहे. युरोपात बहुतेक ठिकाणी वाहनं उजवीकडून जातात, पण सायप्रसमध्ये आपल्यासारखी डावीकडून. १८७८ ते १९६० या काळात बेटावर इंग्रजांचा अंमल होता, त्याचा हा वारसा. आपल्या आरटीओकडून घेतलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना आणि मूळ लायसन्स एवढ्यावर काम भागलं. अडचण आली ती वेगळीच. आमची गाडी युरोपात बनलेली होती, त्यामुळे वळणाचा दिवा लावायची दांडी डावीकडे आणि वायपरची उजवीकडे. पहिले दोन दिवस मी प्रत्येक वळणावर लख्ख उन्हात वायपर फिरवत होते. गाडीची नंबरप्लेट लाल होती, ती भाड्याच्या गाडीची खूण. त्यामुळे मागून येणारे समजून घेत आणि दोन हात लांब राहत.

पण त्याआधी विमानतळावरच्या काउंटरवर एक गोष्ट घडली होती. तिथल्या तरुणानं कराराचे कागद पुढं केले आणि त्याबरोबर एक नकाशा. नकाशात बेटाचा खालचा भाग रंगीत होता. रस्ते, गावं, किल्ले सगळं दाखवलेलं. वरचा भाग नुसता राखाडी. त्या राखाडी भागाच्या कडेनं त्यानं पेन फिरवलं आणि म्हणाला, “मॅडम, आमचा विमा इथपर्यंत. पलीकडे जायचं तर आमची लेखी परवानगी घ्या आणि तिथला विमा नाक्यावर वेगळा काढा. तिकडे गाडी बंद पडली तर मात्र आम्ही येऊ शकत नाही.”

आमची प्रदक्षिणा तिथंच अडली. बेटाचा साधारण एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग १९७४ पासून तुर्कस्तानच्या सैन्याच्या ताब्यात आहे. तिथं १९८३ मध्ये वेगळं राष्ट्र जाहीर झालं, पण तुर्कस्तानखेरीज जगातल्या कोणत्याही देशानं त्याला मान्यता दिलेली नाही. मधून संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालचा सुमारे १८० किलोमीटर लांबीचा पट्टा जातो. हे सगळं मी पुस्तकात वाचलेलं होतं. पण विम्याच्या कागदावर ते वाचलं तेव्हा त्याला वजन आलं. अशा गाडीचा करार नीट वाचावा हे आपण ऐकतो, पण वाचत नाही. टायर, काचा आणि गाडीचा तळ यांचं नुकसान साध्या विम्यात बहुधा येत नाही. गाडी ताब्यात घेताना आधीच्या सगळ्या ओरखड्यांचे फोटो काढून ठेवावेत. टाकी भरून मिळाली तर भरूनच परत द्यावी. इतिहासाचं कलम मात्र आमच्या करारात पहिल्यांदाच आलं.

लार्नाकाहून निघालं की शहराला लागूनच मिठाचं तळं लागतं. हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी उतरतात. काठावर ताडामाडांत एक मशीद आहे, हाला सुलतान तेक्के. सातव्या शतकातल्या अरब स्वारीत आलेली, प्रेषितांच्या नात्यातली उम्म हराम ही स्त्री खेचरावरून पडून वारली आणि इथंच तिला दफन केलं, अशी श्रद्धा आहे. मशीद आहे बेटाच्या ग्रीक बाजूला, आणि ती नीट जपलेली आहे. पहिल्याच थांब्यावर हे पाहिलं ते बरं झालं.

पुढं मोटरवेवर खिरोकितिया. या मोटरवेला टोल नाही. तिथं सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीचं एक गाव उघडं पडलं आहे. उतारावर दगडमातीच्या गोल घरांचे पाये. ही माणसं आपल्या मृतांना घरातल्या जमिनीखालीच पुरत असत. प्रवेशद्वाराजवळ पाच घरं पूर्वी असतील तशी नव्यानं बांधून दाखवली आहेत. आत डोकावलं तर खाली माती, वर काळोख. “घर सोडून जायचंच नाही, असा यांचा हट्ट दिसतो,” हे म्हणाले. बेटावर माणसाची सुरुवात त्या हट्टानं झाली, हे नंतरच्या दिवसांत मला वारंवार आठवलं.

लिमासोलच्या पश्चिमेला कोलोस्सीचा किल्ला आहे. किल्ला म्हणजे तीन मजली, चौकोनी, भक्कम बुरूजच. जेरुसलेमच्या धर्मयुद्धातून मागं हटलेल्या हॉस्पिटलर सरदारांचं हे ठाणं. आजची इमारत पंधराव्या शतकातली. पण मला तिथं ओढून घेतलं ते शेजारच्या पडक्या इमारतीनं. तो मध्ययुगीन साखर कारखाना आहे. इथं ऊस पिकत असे, पाण्याच्या जोरावर तो गाळला जाई आणि साखर युरोपात जाई. ऊस हिंदुस्थानातून इराणात, तिथून अरबांबरोबर भूमध्य समुद्राकाठी आला. आपली ‘शर्करा’ प्रवास करीत युरोपातली ‘शुगर’ झाली, त्या वाटेवरचाच हा मुक्काम. आणखी गंमत म्हणजे या कारखान्याचे सरदार आणि शेजारच्या एपिस्कोपीतलं व्हेनिसचं कोर्नारो घराणं यांच्यात उसाच्या पाण्यावरून भांडणं चालत. ऊस, कारखाना आणि पाण्याचा तंटा! कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला हे निराळं समजावून सांगायला नको. पुढं अटलांटिक पलीकडची स्वस्त साखर आली आणि इथला धंदा बसला. सरदारांच्या या ‘कमांडरी’ची आठवण तिथल्या ‘कमांदारिया’ नावाच्या गोड मद्यात मात्र टिकून राहिली.

थोडंच पुढं समुद्रावर झुकलेल्या कड्यावर कुरिऑन हे प्राचीन शहर. दगडी पायऱ्यांचं अर्धवर्तुळाकार नाट्यगृह आणि पायऱ्यांच्या मागं निळाभोर समुद्र. चौथ्या शतकात भूकंपानं हे शहर उद्ध्वस्त झालं. १९८० च्या दशकात उत्खनन करताना एका घरात तीन सांगाडे एकत्र सापडले. पुरुष, त्यानं आडोसा केलेली स्त्री आणि तिच्या कुशीतलं तान्हं मूल. खांब, कमानी, स्नानगृहं आपण पाहतो आणि ‘वा’ म्हणून पुढं जातो. अशा जागी उभं राहिलं की तेच शहर एकदम कुणाचं तरी घर होतं. हा सगळा भाग आज ब्रिटिश लष्करी तळाच्या हद्दीत येतो, हेही तिथंच कळलं. १९६० मध्ये स्वातंत्र्य देताना ब्रिटननं बेटाचे दोन तुकडे, मिळून सुमारे अडीचशे चौरस किलोमीटर, स्वतःकडे ठेवून घेतले.

कुरिऑनपासून मोटरवे सोडून जुन्या रस्त्यानं जावं. भाड्याच्या गाडीचा खरा उपयोग तिथं. बसमधला वाटाड्या सांगेल तिथं उतरावं लागतं. इथं आपल्याला वाटेल तिथं. वळणावळणांनी रस्ता खाली येतो आणि समुद्रात उभे असलेले पांढरे खडक दिसतात. ग्रीकांची सौंदर्यदेवता अफ्रोदिती समुद्राच्या फेसातून इथं किनाऱ्याला आली, अशी कथा. पण त्या खडकाचं नाव वेगळीच कथा सांगतं. पेत्रा तू रोमिऊ, म्हणजे रोमी माणसाचा दगड. दिगेनिस नावाच्या बायझंटाइन वीरानं अरब चाच्यांवर हा खडक भिरकावला म्हणे. एकाच दगडाला प्रेमाची एक आख्यायिका आणि लढाईची दुसरी. सायप्रसमध्ये पुढं जे जे पाहिलं त्याची ही खूणगाठच होती.

कुक्लिया गावाजवळ आम्ही सहज म्हणून दियारिझोस नदीच्या खोऱ्यात गाडी वळवली. काही किलोमीटर आत सुस्किऊ हे गाव आहे. गाव म्हणजे छपरं गेलेली दगडी घरं, रिकाम्या खिडक्या, अंगणात माजलेलं गवत. ते तुर्की सायप्रसवासीयांचं गाव. १९७४ नंतर ती माणसं उत्तरेकडे गेली आणि गाव ओस पडलं. एका पडक्या भिंतीलगत बदामाचं झाड मात्र पांढऱ्या-गुलाबी फुलांनी डवरलं होतं. आम्ही गाडीतून उतरलो, पण कुणाच्या घरात शिरल्यासारखं वाटून लगेच परत बसलो.

पाफोस शहरात आम्ही तीन दिवस राहिलो. रोमन काळातली तिथली फरसबंदी चित्रं जगप्रसिद्ध आहेत. त्यांचा शोध कसा लागला, तर १९६२ मध्ये एका शेतकऱ्याच्या नांगराला रंगीत दगड लागले. नखाएवढे दगडाचे चौकोनी तुकडे चुन्यात बसवून केलेली ही चित्रं. ‘डायोनायससचं घर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाड्यात एक चित्र आहे. मद्यदेवतेनं इकारिओस नावाच्या माणसाला द्राक्षांपासून मद्य करायला शिकवलं. त्यानं ते वाटेतल्या धनगरांना पाजलं. त्यांनी असं काही कधी चाखलेलं नव्हतं. झिंग चढली तेव्हा आपल्यावर विषप्रयोग झाला असं वाटून त्यांनी इकारिओसलाच मारलं. चित्रात दोघं झिंगलेले पहुडलेत आणि वर ग्रीक अक्षरांत लिहिलंय की मद्य पिणारी ही पहिली माणसं. आतिथ्याचा शेवट गैरसमजानं आणि खुनानं व्हावा, हे त्या घरमालकाला जेवणघराशेजारी का चितारावंसं वाटलं असेल, कोण जाणे! गावाबाहेर खडकात कोरलेली भूमिगत थडगी आहेत. ‘राजांची थडगी’ असं त्यांचं नाव, पण त्यांत राजा एकही नाही. सारे गावातले बडे लोक.

पाफोसच्या उत्तरेला आकामास द्वीपकल्प. तिथं लारा नावाच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात समुद्री कासवं अंडी घालतात. आम्ही निघालो खरे, पण डांबरी रस्ता संपला आणि दगडगोटे सुरू झाले. गाडीच्या तळाला खट्कन काहीतरी लागलं. करारातलं ‘तळ’ हे कलम आठवलं. यांनी माझ्याकडे पाहिलं, मी यांच्याकडे, आणि गाडी वळवली. अशा रस्त्याला उंच, चारही चाकांना जोर असणारी गाडीच हवी. तिथं हौस करू नये.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलिस या गावावरून (नाव असंच आहे, अर्थ फक्त ‘शहर’) वायव्य किनाऱ्याला लागलो. सबंध प्रवासातला हा सर्वांत सुंदर रस्ता. डाव्या हाताला समुद्र, उजवीकडे डोंगर, मध्ये आंबट-गोड वासाच्या लिंबू-संत्र्यांच्या बागा. पोमोस गेलं, पाखियामोस आलं. आणि तिथं, काही कारण नसताना, रस्त्यानं समुद्र सोडला. किनारा पुढं सरळ जात होता, सपाटीही होती, पण रस्ता एकदम उजवीकडे वळून डोंगरावर चढू लागला. वळणामागून वळण. टेकडीवर लष्करी चौकी, तिच्यावर तुर्की झेंडा. थोड्या अंतरावर संयुक्त राष्ट्रांची निळी-पांढरी चौकी. वीसेक किलोमीटर असं डोंगरातून फिरवून रस्ता आम्हाला पुन्हा त्याच समुद्रावर आणून सोडतो.

ज्याला वळसा घातला ते कोक्किना. बेट फाळणीच्या आधीपासून कसं फाटत होतं, ते या एका वळशात कळतं. १९६० मध्ये सायप्रस स्वतंत्र झालं तेव्हा लोकसंख्येत ग्रीक भाषक सुमारे चार पंचमांश आणि तुर्की भाषक पाचव्या हिश्शाहून काहीसे कमी होते. ग्रीकांपैकी अनेकांना ग्रीसमध्ये विलीन व्हायचं होतं, तुर्कांपैकी अनेकांना बेटाची वाटणी हवी होती. राज्यघटनेनं दोघांना एकत्र बांधलं, पण गाठ तीन-साडेतीन वर्षंच टिकली. डिसेंबर १९६३ मध्ये राजधानी निकोसियात दंगली पेटल्या. तिथले ब्रिटिश अधिकारी मेजर जनरल पीटर यंग यांनी नकाशावर हिरव्या पेन्सिलीनं एक रेघ ओढून दोन वस्त्या अलग केल्या. म्हणून आजही ती ‘हिरवी रेषा’. तात्पुरती म्हणून ओढलेली! कोक्किना हे किनाऱ्यावरचं तुर्की गाव. तुर्कस्तानातून शस्त्रं इथं उतरतात म्हणून ऑगस्ट १९६४ मध्ये ग्रीक सायप्रसच्या फौजांनी त्याला वेढा घातला. तुर्कस्तानच्या विमानांनी आसपासच्या भागावर बाँब टाकले. युद्ध उंबरठ्यावर आलं आणि थांबलं.

त्या वेळी बेटावरच्या शांतिसेनेचे प्रमुख एक भारतीय होते, जनरल के. एस. थिमय्या. आपले माजी लष्करप्रमुख. जुलै १९६४ मध्ये त्यांनी सूत्रं घेतली आणि डिसेंबर १९६५ मध्ये सायप्रसमध्येच त्यांचं निधन झालं. पुढं १९७४ मध्येही शांतिसेनेचं नेतृत्व भारताच्याच दिवाण प्रेमचंद यांच्याकडे होतं. त्या जुलैत ग्रीसमधल्या लष्करशहांच्या पाठिंब्यानं सायप्रसमध्ये बंड झालं, पाच दिवसांनी तुर्की सैन्य उत्तर किनाऱ्यावर उतरलं आणि ऑगस्टमध्ये ते आजच्या रेषेपर्यंत आलं. दीड लाखाहून अधिक ग्रीक भाषक दक्षिणेकडे आणि पन्नास हजारांच्या आसपास तुर्की भाषक उत्तरेकडे गेले. कोक्किनाचे गावकरीही पुढं उत्तरेत हलवले गेले. आज तिथं फक्त तुर्की सैनिक आहेत. ज्या गावासाठी लढाई झाली त्या गावात गावकरी कुणी नाही, आणि रस्ता अजून वळसा घालतोच आहे.

काटो पिर्गोस या गावाशी आमची पश्चिमेकडची पन्हळ आली. तिथं २०१० पासून पलीकडे जायचा नाका आहे. आम्ही तो पाहिला, कॉफी घेतली आणि आल्या वाटेनं परत फिरलो.

निकोसियात गाडीचा काही उपयोग नाही. व्हेनिसच्या राजवटीनं १५६७ मध्ये बांधायला घेतलेल्या, अकरा बुरुजांच्या गोल तटबंदीच्या आतलं हे शहर पायीच पाहावं. हिरवी रेषा या वर्तुळाला बरोबर मधून चिरते. लेद्रा स्ट्रीट हा कपड्यांच्या दुकानांचा गजबजलेला रस्ता. चालता चालता मध्येच पासपोर्टची खिडकी येते, मग वाळूची पोती आणि बंद घरं, मग पुन्हा खिडकी आणि पुन्हा दुकानं. फक्त युरोऐवजी लिरा आणि चर्चच्या घंटेऐवजी बांग. हा नाका २००८ मध्ये उघडला. रेषा ओलांडायची पहिली मुभा मिळाली ती २३ एप्रिल २००३ रोजी, एकोणतीस वर्षांनंतर. माणसांनी तासन् तास रांगा लावल्या, आपापली जुनी घरं पाहायला. पुढच्याच वर्षी एकत्र येण्याच्या योजनेवर सार्वमत झालं. तुर्की भाषकांपैकी ६५ टक्के ‘हो’ म्हणाले, ग्रीक भाषकांपैकी ७६ टक्के ‘नाही’. आपण बाहेरून येऊन कोण बरोबर हे ठरवू नये.

शेवटचे दोन दिवस आम्ही पुन्हा लार्नाकाला एका घरगुती मुक्कामी होतो. मालकीणबाई साठीच्या. त्यांचं माहेर वरोशा, म्हणजे फामागुस्ता शहराचं किनाऱ्यावरचं उपनगर. १९७४ च्या ऑगस्टमध्ये गाव सोडलं तेव्हा त्या शाळकरी होत्या. दोन-चार दिवसांत परत येऊ म्हणून आईनं दाराची किल्ली बरोबर घेतली होती. तिथून फामागुस्ता जेमतेम तासाभराच्या अंतरावर. मी विचारलं, “नाके उघडल्यावर तुम्ही गेला नाहीत?” त्या म्हणाल्या, “माझ्याच गावाला जायला मी परक्याला पासपोर्ट दाखवू? नाही.”

आम्ही गेलो. पिला हे गाव मधल्या पट्ट्यातच आहे आणि तिथं ग्रीक व तुर्की भाषक आजही एका चौकाभोवती राहतात. त्याच्या पुढं ब्रिटिश तळाच्या हद्दीत पेर्गामोसचा नाका. खिडकीत वीसेक युरो भरून विमा घेतला. तो फक्त समोरच्याच्या नुकसानीचा. आपल्या गाडीला काही झालं तर सगळा भार आपल्यावर. वायपर-दिव्याची चूक तोवर सुधारली होती, तरी त्या दिवशी मी चाळीसच्या वर गेले नाही.

फामागुस्ताच्या तटबंदीत शिरलं की समोर फ्रान्समधल्या एखाद्या कॅथीड्रलची दर्शनी बाजू उभी राहते. तिच्या एका कोपऱ्याला छोटासा मिनार. चौदाव्या शतकातलं हे सेंट निकोलसचं चर्च. १५७१ मध्ये वर्षभराच्या वेढ्यानंतर तुर्कांनी शहर घेतलं आणि त्याची मशीद झाली. दारातलं झाड पाहून मी थांबलेच. खोडालाच फळं लगडलेली. अहो, हा तर आपला उंबर! उंबर नव्हे, त्याचाच आफ्रिकेतला भाऊबंद. चर्चच्या पायाभरणीच्या वेळी लावलेलं, सुमारे सातशे वर्षांचं हे झाड आहे, असं सांगतात. घंटा ऐकून झाली, बांग ऐकतंय, आणि फळं धरतंय.

शहराच्या उत्तरेला सालामिस. वाळूतून उकरून काढलेलं प्राचीन शहर. संगमरवरी खांबांची रांग आणि मुंडकी उडवलेले पुतळे. फामागुस्ता बांधताना इथलाच दगड नेला. या बेटावर प्रत्येकानं मागच्याच्या दगडांनी आपलं घर बांधलं आहे.

मग वरोशा. वाळूच्या किनाऱ्यावर तारेचं कुंपण, कुंपणामागं आठ-दहा मजली हॉटेलांची रांग. काचा नाहीत, कठडे गळून पडलेले, खिडक्यांतून झाडं बाहेर आलेली. हा भाग १९७४ पासून सैन्यानं बंद ठेवलेला होता. ना मालकांना परत दिला, ना कुणाला राहू दिलं. कुंपणापासून काही पावलांवर माणसं पोहत होती.

तटबंदीशेजारच्या एका चहाच्या दुकानात आम्ही टेकलो. दुकानदार सत्तरीचे. कुठून आलात, काय काय पाहिलंत, अशी चौकशी झाली. पाफोसचं नाव निघताच ते खुर्ची ओढून बसले. त्यांचा जन्म पाफोसच्या डोंगरातल्या एका गावचा. गावाचं नाव त्यांनी सांगितलं. आम्ही तिथं गेलो नव्हतो. त्यांनी थोडा वेळ थांबून विचारलं, “तिकडे बदाम फुलला?” मी म्हटलं, “फुललाय.” चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

संध्याकाळी लार्नाकाला परतलो. मालकीणबाईंनी जेवण वाढलं, इकडचं तिकडचं बोलल्या. शेवटी भांडी उचलता उचलता पाठमोऱ्याच म्हणाल्या, “वाळू तशीच पांढरी आहे का?” मी त्यांनाही ‘हो’ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी विमानतळाकडे निघण्याआधी आम्ही लार्नाकातल्या एका रस्त्यावर मुद्दाम गेलो. दुकानं, बाल्कन्या, उभ्या गाड्या, विशेष काही नाही. पाटीवर ग्रीक अक्षरांत नाव होतं: जनरल थिमय्या. १९६६ मध्ये सायप्रसनं त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीटही काढलं होतं. रस्त्यावरच्या एका पोराला मी विचारलं, हे कोण? त्यानं खांदे उडवले. माझ्या गावातल्या रस्त्यांची नावं मला तरी कुठं ठाऊक असतात!

गाडी परत दिली तेव्हा काउंटरवर तोच तरुण होता. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, तळाशी वाकून पाहिलं आणि ठीक आहे म्हणाला. किनारा पुरा झाला का, असंही विचारलं. मी म्हटलं, अर्धा. किरेनियाचा बंदरातला किल्ला राहिला, ईशान्येचं शेपटासारखं निमुळतं टोक राहिलं. तो म्हणाला, “मीही पाहिलेलं नाही.” विशीतला मुलगा, सातारा जिल्ह्यापेक्षा लहान बेटावर जन्मलेला!

पुढं ऑक्टोबर २०२० मध्ये वरोशाचे काही रस्ते आणि किनारा लोकांना फिरायला खुले केल्याची बातमी वाचली. घरं मात्र तशीच, दोरीपलीकडची. संयुक्त राष्ट्रांनी त्यावर हरकत घेतली. मूळ रहिवाशांखेरीज तिथं कुणी वसू नये, असा सुरक्षा परिषदेचा १९८४ चा ठराव आहे. मालकीणबाई गेल्या असतील का, ते मला माहीत नाही. पासपोर्ट तर तरीही दाखवावाच लागतो.

तुम्ही सायप्रसला गेलात तर गाडी जरूर घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये जा, गर्दी नसते, भाडं कमी असतं, डोंगर हिरवे असतात. उतरायचं ते दक्षिणेतल्या विमानतळावरच. उत्तरेतून बेटावर येणं सायप्रस सरकार बेकायदा मानतं. आणि एक दिवस तरी त्या वायव्येच्या रस्त्यानं जा, जिथं रस्ता समुद्र सोडतो.

पन्हळ का ओलांडायची नाही, असं मी लहानपणी आजीला विचारलं होतं. त्यातून देवाच्या अंगावरचं पाणी वाहतं, ते पायदळी जाऊ नये म्हणून, असं ती म्हणाली होती. पेर्गामोसच्या नाक्यावर विम्याचा कागद हातात घेऊन गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली तेव्हा मला ती आठवली. मी गाडी अगदी सावकाश पलीकडे नेली.